व्यंगचित्रातील नाक : रचना, प्रकार आणि हरकती

व्यंगचित्रातील नाक म्हणजे डोळ्यांच्या खाली आणि तोंडाच्या वर, चित्रकाराची दुपार वाया घालवण्यासाठी राखून ठेवलेली जागा. बाकीचे अवयव मुकाट्याने कागदावर येतात. डोळ्यांना दोन टिंबे पुरतात, तोंडाला एक रेघ, कानाला इंग्रजी सी. केस तर पेन झाडले तरी निघतात. नाकाचे तसे नाही. ते चेहऱ्याच्या ऐन मध्यावर असते, त्यामुळे चुकले तर लपवायला जागा नसते. शिवाय ते चेहऱ्यातून पुढे आलेले असते आणि कागद सपाट असतो. पुढे आलेली वस्तू सपाट कागदावर समोरून कशी दाखवावी, या प्रश्नावर थोर चित्रकारांनी आयुष्ये घालवली. व्यंगचित्रकाराला तो संध्याकाळी सहापर्यंत सोडवायचा असतो, कारण साडेसहाला संपादकांचा फोन येतो.

शरीरशास्त्राची या कामी फारशी मदत होत नाही. नाकाचा वरचा भाग तेवढा हाडाचा असतो, खालचा सगळा कूर्चेचा. म्हणूनच कवटीत नाकाच्या जागी नुसते भोक दिसते. विजेच्या डीपीवरच्या ‘सावधान’ पाटीतली कवटी हा एकमेव चेहरा असा आहे की, ज्याच्या नाकाबद्दल कोणी तक्रार करत नाही. वय वाढते तशी ही कूर्चा सैल पडते, शेंडा खाली झुकतो आणि नाक लांब दिसू लागते. व्यंगचित्रकाराला याचा उपयोग होतो. आजोबा काढायचे असतील तर नातवाचेच नाक घ्यावे आणि शेंडा थोडा खाली ओढावा. मात्र असे चित्र नातवाच्या आईला दाखवू नये. ‘आमच्या बाळाचं नाक माझ्या माहेरचं आहे,’ असे तिने बारशालाच जाहीर केलेले असते, आणि चित्रातले आजोबा सासरचे निघतात.

प्रमाणांचे शास्त्र भारतात फार जुने आहे. मूर्ती घडवणाऱ्या शिल्पकारांनी चेहऱ्याची उंची बारा अंगुळे मानली आणि तिचे तीन समान वाटे केले: कपाळाला चार अंगुळे, नाकाला चार, नाकाखालून हनुवटीपर्यंत चार. इतकी न्याय्य वाटणी महाराष्ट्रात शेतजमिनीचीही होत नाही. व्यंगचित्रात ही वाटणी मोडली जाते. नाक आठ अंगुळे बळकावते आणि नुकसान कपाळाचे होते. म्हणून व्यंगचित्रातल्या माणसांना नाक भरपूर आणि विचार करायला जागा कमी असते. वाचकांना यात वावगे काही वाटत नाही, कारण पात्रे बहुधा पुढारी असतात.

नाकांचे वर्गीकरण करण्याचा मोठा प्रयत्न लिओनार्दो दा विंचीने केला. बाजूने दिसणाऱ्या नाकाचे त्याने दहा प्रकार सांगितले आणि समोरून दिसणाऱ्यांची वेगळी यादी केली. चित्रकाराने लोकांची नाके, ओठ, हनुवट्या लक्षात ठेवाव्यात आणि जवळ छोटी वही बाळगून तिच्यात खुणा कराव्यात, असा त्याचा सल्ला होता. हा सल्ला पाळणाऱ्याने लोकलच्या डब्यात जरा सांभाळावे. समोरच्याच्या नाकाकडे टक लावून वहीत खुणा करणाऱ्या माणसाला पहिल्यांदा ‘काय, ओळखता का मला?’ असे विचारले जाते आणि दुसऱ्यांदा विचारले जात नाही.

मराठीत नाकांचे प्रकार आधीपासूनच ठरलेले आहेत: चाफेकळी, धारदार, तरतरीत, सरळ, अपरे, बसके, नकटे आणि पोपटनाक. पैकी पहिली चार स्वतःच्या घरात आढळतात, उरलेली चार व्याह्यांच्या. लग्नाच्या जाहिरातींतून तर मुलगी सरसकट ‘नाकीडोळी नीटस’ असते. व्यंगचित्रकाराला या जमातीचा काडीचा उपयोग नाही. नीटस नाकाला पकडायला कडाच नसते. त्यात फुगवावे असे काही नसते आणि लांबवावे असेही काही नसते. म्हणून धंद्यातले लोक मंडईचे वर्गीकरण पसंत करतात. बटाटा, गाजर, वांगे, तोंडले आणि मुळा एवढ्या पाच नाकांवर अख्खा दिवाळी अंक निघू शकतो. बटाटा सज्जनाला लावावा, गाजर चौकसाला, वांगे सावकाराला, तोंडले कारकुनाला, मुळा निवृत्त मुख्याध्यापकांना.

साहित्य साधे असते: एचबी पेन्सिल, खोडरबर, कार्ट्रिज पेपर, निब, काळी वॉटरप्रूफ शाई आणि पापे झाकायला पोस्टर व्हाइट. कृतीही वरवर साधी आहे. आधी डोक्याचा गोल काढावा, त्याच्या मधोमध एक उभी रेघ मारावी, डोळ्यांसाठी एक आडवी. दोन रेघा जिथे छेदतात तिथून नाक सुरू होते आणि अडचणीही तिथूनच. पहिले नाक बहुतेक वेळा चांगले येते; पण ते इतक्या सहज आलेले असते की, चित्रकाराचा त्यावर विश्वास बसत नाही. ‘याहून बरं येईल,’ असे म्हणून तो ते खोडतो. दुसरे नाक पहिल्याची आठवण काढत काढलेले असते, म्हणून फसते. तिसरे रागाने काढलेले असते. त्यापुढची नाके मोजण्याची पद्धत नाही.

खोडून खोडून त्या जागेचा कागद आधी मऊ पडतो आणि मग त्याला लव फुटते. अशा कागदावर निब टेकताच शाई पसरते, आणि सडपातळ कारकुनाच्या तोंडावर सावकाराचे नाक बसते. ते झाकायला पोस्टर व्हाइट लावतात. ते वाळेपर्यंत थांबायचे असते, पण सहा वाजत आलेले असतात. ओल्या पांढऱ्यावर काळी रेघ ओढली की राखाडी नाक तयार होते. पात्राला सर्दी झालेली दाखवायची असेल तरच ते चालते. पांढऱ्याचे थर चढत गेले की नाक कागदावरून खरोखरच वर येते. म्हणजे पुढे आलेली वस्तू सपाट कागदावर कशी दाखवावी, हा प्रश्न एकदाचा सुटतो. मात्र असे चित्र स्कॅनरच्या काचेवर ठेवले की त्या उंचवट्याची सावली पडते, आणि छापून आलेल्या अंकात मुख्यमंत्र्यांच्या नाकाशेजारी त्यांचे दुसरे नाक उगवलेले दिसते. वाचक त्यात आघाडी सरकारचा संदर्भ शोधतात आणि चित्राचे कौतुक होते.

संगणकाने हे सारे कष्ट संपवले, असे सांगतात. टॅबवर खोडल्याने कागद फाटत नाही आणि ‘अनडू’ केले की गेलेले नाक परत येते. पूर्वी कागदाला भोक पडले की नाइलाजाने थांबावे लागे. आता थांबायला कारणच उरलेले नाही. ‘नाक’, ‘नाक नवीन’, ‘नाक फायनल’, ‘नाक फायनल आता खरंच’ अशा नावांच्या फाइली साठत जातात. शेवटी घाईत मेलला जोडली जाते ती सगळ्यांत पहिली. ती पाहून संपादक कळवतात, ‘या वेळी नाक झकास जमलंय.’

नमुना म्हणून बहुतेक व्यंगचित्रकार स्वतःचाच चेहरा वापरतात, कारण तो फुकट असतो आणि चहा मागत नाही. टेबलावर आरसा ठेवून नाक फेंदारणे, मुरडणे, बोटाने वर ढकलून धरणे आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने रेघा मारणे, ही रोजची कामे होत. घरात पाहुणे असतील तर दार लावून घ्यावे. उघड्या दारातून हा प्रकार पाहणारे सासरे मुलीला स्वयंपाकघरात गाठतात.

‘जावईबापूंचं सगळं ठीक आहे ना गं?’

‘काही नाही हो बाबा, काम करतायत ते.’

या उत्तराने काळजी वाढते. स्वतःचे नाक वापरण्याचा दुसरा तोटा असा की, काही वर्षांनी त्या चित्रकाराच्या सगळ्या पात्रांची नाके सारखी होतात. मंत्री, भाजीवाली, हवालदार आणि पोपट एकाच कुटुंबातले वाटू लागतात. समीक्षक याला ‘शैली’ म्हणतात.

नाक तीन बाजूंनी काढता येते: बाजूने, थ्री-क्वार्टर आणि समोरून. बाजूने काढणे सोपे असते. कपाळावरून निघालेली रेघ पुढे जाऊन परत आली की नाक झाले. म्हणूनच नवशिक्यांची पात्रे जन्मभर भिंतीकडे पाहत बोलतात. समोरून नाक काढताना मात्र दोन भोके आणि एक शंका एवढेच हाती लागते. मोठमोठ्यांनी या संकटातून आपापल्या वाटा काढल्या. बेल्जियमच्या एर्जेने १९२९ साली टिनटिन जन्माला घातला आणि त्याला एवढेसे नाक देऊन मोकळा झाला. अमेरिकेत १९५० पासून चार्ल्स शुल्झच्या ‘पीनट्स’मधला चार्ली ब्राउन अर्ध्या वेटोळ्याच्या नाकावर पन्नास वर्षे हरत राहिला. फ्रान्समध्ये उलटा विचार झाला. १९५९ साली आलेल्या अ‍ॅस्टेरिक्सला अल्बेर उदेर्झोने असे भरघोस गोल नाक दिले की, गडी कुठल्याही बाजूने पाहिला तरी आधी नाकच दिसावे. याच मालिकेत क्लिओपात्राच्या नाकाची तोंड भरून स्तुती होते, आणि ओबेलिक्स हौसेने स्फिंक्सवर चढतो तेव्हा त्या पुतळ्याचे नाक तुटून खाली पडते. जवळचे दुकानदार लगोलग छिन्नी घेऊन आपल्याकडच्या छोट्या स्फिंक्सची नाके उडवू लागतात. व्यापारी मंडळी कुठलीही असोत, मालाची नक्कल हुबेहूब लागते.

नाकाचे व्यंगचित्रातले मुख्य काम वास घेणे नाही. त्याचे काम आधार देणे आहे. चष्मा त्यावर बसतो, मिशी त्याखाली राहते, आणि दोन्हींमुळे नाकाची बरीचशी जबाबदारी कमी होते. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ १९५१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त उभा राहिला तो चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, मिशी आणि वाटोळ्या नाकानिशी. त्याने कधी तोंड उघडले नाही. महागाईपासून आणीबाणीपर्यंत सगळे त्याने त्या नाकावरच्या चष्म्यातून पाहिले. पुढे पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारात त्याचा पुतळा झाला, तेव्हा शिल्पकाराला ते नाक चहूबाजूंनी घडवावे लागले. लक्ष्मण यांना एकेकाळी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता, ही गोष्ट नाक न जमणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असते. वसंत सरवटे हे तर पेशाने स्थापत्य अभियंते होते. एवढा चष्मा एवढ्या नाकावर टिकेल की नाही, हा हिशेब त्यांना इतरांहून सोपा गेला असणार.

आधाराचे तत्त्व उलटेही चालते. २०१४ साली स्वच्छ भारत अभियानाचे बोधचिन्ह आले. त्यात गांधीजींचा नुसता चष्मा आहे. चष्मा हवेत तरंगतो, पण तो कोणत्या नाकावर आहे हे सव्वाशे कोटी लोकांना न सांगता कळले. असे नाक काढायला मात्र आधी तितका मोठा माणूस व्हावा लागतो. सोसायटीच्या चेअरमननी मागितले तरी त्यांना ही सवलत देता येत नाही.

स्त्रियांचे नाक हा वेगळा आणि धोक्याचा विभाग आहे. पुरुषाचे नाक फुगवले तर विनोद होतो, बाईचे फुगवले तर पत्रव्यवहार. म्हणून मराठी व्यंगचित्रकार स्त्रीला बहुधा एक बारीकशी टोकदार रेघ देतात आणि सणासुदीच्या अंकात तीवर नथ चढवून वादच मिटवतात. नथीचे मोती नीट आले की मागच्या नाकाकडे कोणी बघत नाही. पण नथ डाव्या नाकपुडीत घालतात, त्यामुळे चित्रातल्या बाईला कायम पानाच्या डाव्या कडेकडे बघावे लागते. ती उजवीकडे वळली की नथीचा मोठा भाग नाकाआड जातो आणि उरते ते नुसते नाक. इथे मांडणी करणारा मुलगा आपली करामत दाखवतो. बाईची पाठ मजकुराकडे झाली म्हणून तो चित्र ‘फ्लिप’ करतो. नथ उजवीकडे जाते, पदर उजव्या खांद्यावर येतो, आणि हळदीकुंकवाला निघालेल्या देशपांडे वहिनी गुजराती पद्धतीची साडी नेसून डाव्या हाताने कुंकू लावताना छापल्या जातात. पुढच्या अंकात दिलगिरी येते. तीत नाकाचा उल्लेख नसतो.

गणेशोत्सवात हाच घोळ मोठ्या प्रमाणावर होतो. गणपती काढताना नाकाची चिंता नाही, असे नवशिक्याला वाटते. सोंड मनाला येईल तशी वळवता येते. चित्र उलटे छापले गेले की डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो आणि मंडळाचे कार्यकर्ते फोन करतात, ‘साहेब, आता सोवळं कोण पाळणार?’

राजकीय व्यंगचित्रात नाकाला ओळखपत्राचा दर्जा आहे. लंडनचे ‘पंच’ हे साप्ताहिक १८४१ साली निघाले. त्याच्या मानकरी मिस्टर पंचचे नाक वाकून हनुवटीला भेटायला निघालेले असे. या नाकाची संतती इतकी फोफावली की हिंदुस्थानातही ‘हिंदुपंच’, ‘हिंदी पंच’, ‘अवध पंच’ अशी नियतकालिके निघाली. अमेरिकेत रिचर्ड निक्सन यांचे नाक व्यंगचित्रांतून आधीच लांब होते. वॉटरगेट उलगडत गेले तसतसे ते आणखी लांबले. खोटे बोलले की नाक वाढते, ही सोय कार्लो कोलोदीने १८८३ च्या पुस्तकात पिनोकियो नावाच्या लाकडी बाहुल्याला लावून ठेवली होती आणि डिस्नेने १९४० साली ती जगभर पोचवली. व्यंगचित्रकारांनी ती नेत्यांना लागू केली. सर्वांनाच लागू केली असती तर कागदाची रुंदी पुरली नसती.

आपल्याकडे इंदिरा गांधींचे नाक हे चित्रकारांचे हक्काचे साधन होते. १९६७ च्या प्रचारात भुवनेश्वरच्या सभेत कोणीतरी भिरकावलेला दगड लागून त्यांच्या नाकाचे हाड मोडले. डॉक्टरांनी ते बसवले. व्यंगचित्रांतले नाक मात्र त्या दगडाला जुमानले नाही. ते पूर्वीइतकेच लांब राहिले. नेत्याचे खरे नाक बदलू शकते. वाचकांच्या ओळखीचे झालेले नाक बदलायला चित्रकार धजत नाही.

सामान्य नागरिकांच्या हरकती यापेक्षा तीव्र असतात. नेत्यांना आपले नाक रोज छापून यायची सवय असते, सोसायटीच्या सेक्रेटरींना नसते. स्थानिक दिवाळी अंकात पाण्याच्या टाकीवरचे एक व्यंगचित्र येते, आणि दुसऱ्या दिवशी दारावरची बेल वाजते.

‘हे नाक माझं आहे.’

‘छे हो, ते काल्पनिक आहे.’

‘मग माझ्या मिसेसनी ते कसं ओळखलं?’

यावर उत्तर नाही. गंमत अशी की, ज्याचे नाक खरोखर घेतलेले असते तो कधीच येत नाही. तो शेजारी चित्र पाहून पोट धरून हसतो आणि सेक्रेटरींचे नाक किती हुबेहूब काढले आहे, हे चार लोकांना दाखवतो. माणसाने स्वतःचे नाक आरशात समोरून पाहिलेले असते. बाजूने ते फक्त इतरांना दिसते. या एका अडचणीवर व्यंगचित्रकाराचा धंदा टिकून आहे.

या सगळ्याला कंटाळून एक बिननाकी पंथ निघाला. अमेरिकेत १९६३ साली हार्वे बॉलने काढलेल्या पिवळ्या हसऱ्या गोलाला दोन डोळे आणि तोंड आहे, नाक नाही. १९८२ साली स्कॉट फॉलमन यांनी संगणकावर टाइप करायची हसरी खूण सुचवली. तीत अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस होता. ती आडवी रेघ म्हणजे नाक. पुढे लोकांनी एक कळ वाचवण्यासाठी नाकच गाळले. कार्टूनमधल्या पॉवरपफ मुली नाकाशिवाय जगाचे रक्षण करतात. उलट १९७४ साली जन्मलेल्या जपानच्या हॅलो किटीला पिवळे नाक आहे, पण तोंड नाही. नवऱ्यांच्या मते ही रचना अधिक विचारपूर्वक केलेली आहे; बायकांचेही मत तेच आहे, फक्त त्यांच्या मनात दुसरे कोणी असते.

जाहिरात कंपन्या या दोन पंथांच्या मध्ये उभ्या असतात. ‘नाक नको, चाइल्डिश वाटतं,’ असे त्या आधी सांगतात. नाक काढून पाठवले, म्हणजे काढून टाकून पाठवले, की फोन येतो, ‘काहीतरी मिसिंग वाटतंय.’ अशा वेळी पहिलेच चित्र नव्या तारखेने पाठवावे. ‘आता कसं!’ असा अभिप्राय येतो.

सारांश, नवशिक्याने तीन नियम पाळावेत. चेहऱ्याची सुरुवात नाकापासून करावी; डोळे, चष्मा, मिशी हे सगळे नाकाच्या मर्जीने बसतात, नाक मात्र कोणाच्या मर्जीने बसत नाही. पहिले नाक खोडू नये. आणि हे नाक कोणाचे, असे कोणी विचारले तर उत्तर ठरलेले असावे: तुमच्या शेजाऱ्याचे. हे उत्तर सगळ्यांना पटते, शेजाऱ्यालासुद्धा.